हातावरची लडी

मुरबाडच्या मुलींच्या शाळेत भांडायला जायचं तर हात पाठीशी बांधून जावं, असं मी पुढं पुढं लोकांना सांगत असे. हात मोकळे दिसले की तिथल्या मास्तरीण सगुणाबाई त्यांच्यावर सुताची लडी चढवत. "आलात? बरं झालं. जरा धरा हो," एवढंच म्हणत. समोरचा माणूस भांडण विसरत नसे, पण हात अडकले की शब्दही अडकतात. बाजारात उभा जन्म काढलेल्या माणसाचा अनुभव आहे हा. हातवारे काढून घेतले तर माझ्यासारख्याकडे काय उरतं?

लडी म्हणजे सुताचा सैल वेढा. तशीच विणायला घेतली तर गुंता होतो, म्हणून आधी तिचा गुंडा करावा लागतो. एकानं दोन्ही हात पुढं ताणून लडी धरायची, एकदा डावा हात झुकवायचा, एकदा उजवा; दुसऱ्यानं धागा ओढून गुंडाळत जायचं. धरणाऱ्यानं हात खाली टाकले तर सगळं सूत वाया. आणि सुताचा गुंता करणं माझ्याच्यानं होत नाही. ज्या वस्तूवर आपलं पोट चालतं ती आपल्याच हातानं नासवायची, हे मला कधी जमलं नाही. बाईंनी माझी ही अडचण पहिल्याच भेटीत ओळखली.

मी मूळचा डोळखांबकडचा. फण्या, आरसे, मणी, सुया-दोरे असा माल डोक्यावरच्या पाटीत घालून पाड्यापाड्यांतून फिरलो, मग शहापुरात दुकान टाकलं. मला कुणी काही दिलं नाही आणि मी कुणाला काही सोडलं नाही. मुरबाडच्या आठवडी बाजारात माझी पथारी असे. किन्हवलीवरून बैलगाडीनं माल न्यायचा, चिंचेखाली गोणपाट टाकायचं आणि दुपारपर्यंत घसा फोडायचा. त्या पथारीसमोर एका बाजाराला हिरव्या काठाचं पांढरं लुगडं नेसलेली, उंच, सडसडीत, पायात जाड वहाणा घातलेली एक बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "विणायचं सुती सूत आहे? लोकर नको. लोकर घालून मुली उन्हाळ्यात भाजतील."

मी म्हटलं, "बाई, मुरबाडला कोण विणतंय?"

"आता विणतील," त्या म्हणाल्या.

त्या पेणकडच्या. पुण्याला शिक्षण घेऊन मास्तरीण झालेल्या, एकट्याच राहणाऱ्या. घरच्यांविषयी कुणी विचारलं तर "आहेत, खुशाल आहेत," म्हणून विषय मिटवत. एका वाण्याच्या ओसरीला लागून दोन खोल्या, तीच मुलींची शाळा. मुली होत्या, पण टिकत नसत. लावणी आली की मुली जात, कापणी आली की जात, धाकटं भावंड झालं की जात, आणि गेलेली मुलगी क्वचितच परत येई. पुरेशा मुली दिसल्या नाहीत तर शाळा मुलांच्या शाळेत मिसळून टाकू, असं बोर्डाचे साहेब दर खेपेला बजावून जात. मिसळली की संपलीच. मुलग्यांच्या शाळेत आपली पोर बसवणारा बाप त्या वेळी तालुक्यात शोधून सापडला नसता.

यावर बाईंनी काढलेला उपाय म्हणजे पट्ट्यांचा झंपर. पौषात मुलीनं विणायला घ्यायचा, वैशाखात अंगात घालून घरी जायचं. बिनबाह्यांचा, सैल विणीचा, एक पट्टा पांढरा, एक रंगीत. अंगाला वारा लागेल असा. आपल्या हातानं केलेली अंगात घालायची वस्तू घरी आली की आईबापाला शाळेचा काहीतरी उपयोग दिसेल, असा त्यांचा हिशेब होता. मला तो त्या वेळी खुळचट वाटला. पण गिऱ्हाईक खुळचट असेल तर व्यापाऱ्यानं बोलू नये.

सुया मात्र त्यांनी माझ्याकडून घेतल्या नाहीत. चांगल्या पोलादी होत्या. बाईंनी बुरुडाकडून बांबूच्या कामट्या तासून घेतल्या, मुलींकडून त्यांना खोबरेल चोळून घेतलं, झालं काम. हा माझा पहिला राग. पुढचे सगळे राग यावर चढत गेले, पट्ट्यावर पट्टा चढावा तसे.

पहिल्या वर्षीची गंमत अजून मुरबाडात कुणाला तरी आठवत असेल. मुलींनी मन लावून झंपर केले. बेताचे, कमरेपर्यंत. मुली घालून घरी गेल्या, आयांनी कौतुकानं पाहिले आणि नदीवर नेऊन धुतले. आता सुती वीण ही लोकरीसारखी नव्हे. पाण्यात गेली की ती अंग सोडते. ओली, जड, दोरीवर वाळत टांगली की खाली खाली येते. पुढच्या बाजारी माझ्या पथारीपुढं बायकांचा घोळका हसून हसून वाकला होता.

"शालेच्या बाईनी झंपर दिला, न्हाल्यावर त्याचा झगा झाला गो!"

एक म्हातारा तर सरळ बाईंना सामोरा जाऊन म्हणाला, "बाई, मी काय म्हनतो, आनखी एक डाव धुतला तं लुगडं व्हईल का? आमची म्हातारी वाट बगते."

दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. बाईंनी त्याला म्हटलं, "आजोबा, लुगडं झालं तर मलाच आणून द्या, माझंही जुनं झालंय." आणि माझ्याकडे वळून, "शेट, हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत नव्हतं. मी सूत विकतो, धूत नाही. पण तसं म्हटलं असतं तर अज्ञान कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून मी म्हटलं, "तुम्ही विचारलं कुठं?" त्यावर त्यांनी एक लडी उचलून बोटांत ताणून पाहिली. मला माल ताणून बघणाऱ्या गिऱ्हाइकाची भीती वाटते.

दुसऱ्या वर्षापासून शाळेच्या ओसरीत एक दोरी आली. सूत घ्यायच्या आधी बाई त्याचा वीतभर चौकोन विणत, धूत आणि दोरीला टांगून त्याच्या खालच्या कडेला ओढ्यातला गोटा बांधत. चौकोन ताणून ताणून जेवढा व्हायचा तेवढा झाला की मग त्यावरून किती टाके घालायचे ते ठरवायचं. दोरीवर असे पुष्कळ चौकोन, खाली लोंबणारे गोटे. वाऱ्यावर गोटे एकमेकांवर आपटत. गावात बातमी पसरली की शाळेच्या बाईंनी कसली तरी करणी टांगली आहे. काहीजण लांबून जाऊ लागले. मग कुणाच्या तरी पोराचा खोकला योगायोगानं थांबला, आणि एका सकाळी दोरीच्या टोकाला चिंधीत बांधलेला एक परका गोटा दिसला. नवसाचा. आठ-पंधरा दिवसांत तसे आणखी आले.

मी म्हटलं, "बाई, हे काढून टाका. शाळा आहे की देवऋष्याचं घर?"

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "ज्या पोराचा खोकला थांबेल त्याची बहीण शाळेत येईल. आणि नाही थांबला तर डागदराकडे न्यायला सांगायला मला तोंड आहे."

सूत किती घ्यायचं यावरून आमचं दर पौषात जुंपे. मला माणूस पाहून सुताचा अंदाज येतो. अंगकाठी, खांदे, पोट यांवर एक नजर टाकली की पुरे. ही विद्या मला कुणी शिकवलेली नाही.

"उभं करा पोरीला," मी म्हणे. "हिला तीन लड्या पांढऱ्या, तीन निळ्या."

"तुमच्या नजरेला लड्या विकायच्या असतात, शेट."

"आणि तुमच्या चौकोनाला फुकट पाहिजे असतात. पट्टे जितके जास्त तितकं सूत जास्त. दर पट्ट्याला धागा तोडायचा, दोन टोकं सोडायची, ती आत शिवायची. ते सूत कुठून येणार?"

"तोडतंय कोण? दुसरा रंग येईपर्यंत पहिला कडेकडेनं वर चढतो. हे बघा." आणि खरंच, झंपर उलटा करून दाखवत. कडेला धागा जिन्यासारखा वर गेलेला असे.

मग त्या चौकोन घेऊन बसत. एका लडीत असे किती चौकोन होतात, पाठीला किती, पोटाला किती, त्यात गळ्याचं आणि काखेचं वजा, काठाचं अधिक. शिवाय प्रत्येक रंगाची एक लडी वर घ्यायची, कारण नंतर आणलेला रंग पहिल्याशी जुळत नाही. रंगाऱ्याच्या एका हंड्यातून निघालेलं सूत ते एकच. वर्ष संपलं की न सोडलेल्या लड्या मला परत. तेवढ्यावरून वाद. मी म्हणे, विकलेला माल परत येत नसतो. त्या म्हणत, मग उसना दिला समजा. या बाबतीत मी एकदाही जिंकलो नाही, कारण हा वाद शाळेत होई आणि शाळेत माझे हात पुढं असत.

खरं सांगायचं तर त्यांचा अंदाजही काही अचूक येत नसे, माझाही नाही. मुली पौषापासून वैशाखापर्यंत वाढत. ते ना चौकोनात धरता येई ना नजरेत. कमी पडलं की शेवटचे दोन पट्टे भलत्याच रंगाचे येत, हिरवे, पिवळे, असेल ते. "पुरलं तर बरं, नाही पुरलं तर पट्टे," असं बाईंचं म्हणणं. म्हणूनच त्यांनी पट्ट्यांचा झंपर निवडला असावा. एकरंगी झंपरात चूक लपत नाही.

आता लाल सुताचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

एका वर्षी मी कल्याणच्या एका व्यापाऱ्याकडून लाल लड्या आणल्या. त्यानं देवाची शपथ घेऊन रंग पक्का म्हणून सांगितलं, मी त्याच्या शब्दावर पक्का म्हणून ओरडत होतो. म्हसा गावची जत्रा संपून लोक माघारी चाललेले, बाजार असा भरलेला की पाय ठेवायला जागा नाही. बाई आल्या, शेजारच्या भांडीवालीकडून पितळी घंगाळ मागून घेतलं, पाणी ओतायला लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत लाल लडी त्यात बुडवली. पाणी हळूहळू लाल झालं.

"शेट," घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "कोंबडा कापलाव का?"

सगळा बाजार हसला. बाई हसल्या नाहीत. "पांढऱ्या पट्ट्याशेजारी हे चालणार नाही," म्हणाल्या, लडी पिळून माझ्या गोणपाटावर ठेवली आणि गेल्या. त्या दिवसापासून मुरबाडच्या बाजारात माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई आधी पाणी मागू लागली. पोलक्याचं कापड बुडवत, करगोट्याचा दोरा बुडवत. एकीनं तर लाकडी फणी बुडवून पाहिली.

फसवला गेलो मी, आणि चोर ठरलो मी. दुपारी पथारी गुंडाळून मी तडक शाळेत गेलो. मनाशी चांगली वाक्यं जुळवून गेलो होतो. उंबऱ्यातून हात उगारून "बाई!" एवढं म्हणालो, आणि उगारलेल्या हातांवर निळी लडी आली.

"बोला," गुंडाळता गुंडाळता त्या म्हणाल्या. "जरा डावीकडे. बोला ना."

"भर बाजारात तुम्ही माझी—"

"उजवीकडे."

पोरी पाटीआड तोंड लपवून खुसखुसत होत्या. मी बोललो, पण डावी-उजवीकडे झुलत बोललेल्या रागाला काय किंमत? लडी संपल्यावर बाई म्हणाल्या, "पक्का लाल आणा. तोही सगळ्यांसमोर बुडवीन. पाणी स्वच्छ राहिलं तर सगळा मी घेईन."

मी आणला. स्वतः उकळत्या पाण्यात घालून, खात्री करून आणला. तेव्हा श्रावण होता. धो धो पाऊस, अर्धे विक्रेते आले नव्हते, गिऱ्हाईक तर नाहीच. बाई छत्री घेऊन आल्या, शब्दाप्रमाणे घंगाळ मागितलं, लडी बुडवली. पाणी काचेसारखं राहिलं. पाहायला कोण? भांडीवाली, तीही पेंगत, आणि एक भिजलेलं कुत्रं. बाईंनी सगळं लाल सूत घेतलं.

मी म्हटलं, "हे पुन्हा करा. जत्रेनंतरच्या बाजारी करा. बदनामी भर बाजारात आणि सुटका रिकाम्या बाजारात, हा कुठला न्याय?"

"पाणी काय बाजार बघून रंग बदलतं का, शेट?" बाई म्हणाल्या आणि छत्री उघडून चालत्या झाल्या.

मी दर वर्षी मागणी केली. त्यांनी दर वर्षी टाळली. माझं त्यांच्याशी जे काही आहे ते एवढंच आहे. आता वय झालं, भांडायचा कंटाळा येतो, पण ही गोष्ट आठवली की अजून कानशिलं तापतात.

घाटाखालच्या वैशाखरे गावचा धाकू म्हणून एक शेतकरी होता. त्याची थोरली मुलगी हौसा मुरबाडात मामाकडे राहून शाळेत येई. ऐन फाल्गुनात धाकू तिला न्यायला आला तेव्हा मी शिल्लक लड्या मोजत ओसरीत बसलो होतो. काळाकभिन्न, रुंद माणूस. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"पोरगी द्या, बाई. शेरडांमागं कोन जाईल? आमी काय तिला मास्तरीन करायची नाय."

"देते की. तोवर एवढं धरा."

लडी चढली. बाई शाळेबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. शेरडं किती, कुठली व्याली, तरस येतं का खाली, घाटातली मोटार थांबते का, सगळं विचारलं. धाकूचे हात हळूहळू लयीत झुलायला लागले. लडी संपत आल्यावर त्या सहज म्हणाल्या, "हौसाचा कुठवर आलाय, बघायचाय का?"

"बगू तं."

पाठ पुरी झाली होती, पोट काखेपर्यंत आलं होतं. लाल-पांढरा. माझाच लाल, पक्का. धाकूनं मोकळ्या झालेल्या हातानं तो चाचपला. "गार लागतो गो," मुलीला म्हणाला. मग उलटसुलट करून पाहिला. "बाई, पुडचा भाग तं व्हऊ द्या. आर्धा झंपर घालून न्हेली तं गाव हसंल मला."

हौसा वैशाखापर्यंत राहिली. बाईंची जीत म्हणाल तर एवढीच, एक उन्हाळा. पण त्यातून त्या एक शिकल्या. तेव्हापासून शाळेत कुणाचंच विणकाम पुरं होईना. एक झंपर सुयांवरून उतरला की त्याच दिवशी दुसऱ्याचे टाके पडायचे, धाकट्या भावाचा, आईचा, कुणाचा तरी. बाप न्यायला आला की मुलीच्या हातात नेहमी काहीतरी अर्धं असायचं. अर्धं काम सोडून नेणं शेतकऱ्याला रुचत नाही. या युक्तीनं हौसा आणखी दोन उन्हाळे राहिली, आणि तिच्या मागोमाग तिची धाकटी बहीण चिमी आली.

मग लढाई सुरू झाली आणि सूत नाहीसं झालं. आधी रंग गेले, मग पांढरंही. जे येई ते कंट्रोलमधून, तेही कापडाला. मी भिवंडीला हातमागवाल्यांच्या दारोदार हिंडलो, कल्याणला त्याच शपथवाल्यापुढे जाऊन उभा राहिलो. माझ्यासारखा घासाघीस करणारा माणूस आहे त्यातून काढतो. नसलेल्यातून कोण काढणार? बाईंना मी शब्द दिला होता, पौषापर्यंत आणतो म्हणून. रिकाम्या हातानं शाळेत गेलो. त्या दिवशी मला भांडायला कारणही नव्हतं.

बाईंनी दोरीवरचे चौकोन उतरवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांचे, ऊन खाल्लेले. गोटे सोडून एका कोपऱ्यात रचले, नवसाचे होते तसे ठेवले. चौकोन उसवून सूत धुतलं, कुरळेपणा जावा म्हणून ओलं असतानाच त्याला गोटे बांधले. तरी पुरेना. मग पुढच्या खेपेला गेलो तर बाईंनी पेटीतून त्यांचा स्वतःचा झंपर काढला होता, पुण्याला शिकताना केलेला, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. उन्हाळ्यात त्या लुगड्याखाली तोच घालत. त्याच्या खांद्याच्या काठाचं टोक शोधून त्यांनी ओढलं. मी न सांगता हात पुढं केले. एकेक ओळ सुटत माझ्या हातांवर येत गेली. सूत जुनं होतं, मऊ झालं होतं.

"शेट," त्या म्हणाल्या, "तुमची नजर काय म्हणते? पुरेल?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. आणि मला खोटं सांगण्यात काही फायदा नव्हता. "नाही पुरणार. एक झंपर कमी पडेल. चिमीचा होणार नाही."

"मग चिमीचाच आधी घालू," बाई म्हणाल्या. "ज्यांना गोडी लागली त्या थांबतील. ती नाही थांबायची."

साहेब येणार अशी वर्दी चैत्रात आली. बाई घरोघर हिंडून मुली टिकवत होत्या. एकेक मुलगी म्हणजे आता एकेक गुंडा झाला होता, सुटला की घरंगळत जाई. "सूत नाय तं शाला कशाला?" असं एकजण मला तोंडावर म्हणाला, जणू लढाई मीच लावली होती.

साहेब यायच्या दोन-तीन दिवस आधी धाकू आला. मी होतो तिथं. बाईंनी त्याची चाहूल लागताच जवळची लडी उचलली. चिमीची पाठ झाली होती, पोटाचे थोडे पट्टे झाले होते. धाकू ओसरीत चढला. त्याच्या दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं तान्हं मूल होतं. तो ओरडला नाही.

"बाई," म्हणाला, "हिची आय उठत नाय खाटंवरनं. हौसाला दिली, ती सासरी. याला कोन बगंल?"

बाई लडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग लडी खाली ठेवली आणि चिमीला हाक मारली.

साहेबांनी शाळा मिसळून टाकली. बाईंची बदली पालघरकडे झाली.

जाताना त्या शहापूरवरून निघाल्या होत्या. टांगा करून स्टेशन गाठायचं, मग रेल्वे. सकाळी त्या माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसल्या. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी, एक पिशवी. चेहरा उन्हानं आणि जागरणानं उतरलेला. माझ्या बायकोनं पाणी दिलं, ते पिऊन त्यांनी भांडं बाजूला ठेवलं. भांड्यात थोडं पाणी उरलं होतं. माझं लक्ष तिथंच.

मी म्हटलं, "बाई, आता जाताय. त्या लाल सुताचं—"

"हात पुढं करा," बाई म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून चिमीचा अर्धा झंपर काढला. सुया शाळेच्या, म्हणून बाई त्या मुलांच्या शाळेत जमा करून आल्या होत्या. सुयांशिवाय टाके पिशवीत सुटून विस्कटले होते. "याचं सूत हौसाला पोचवा. ती बाजाराला येते ना? तिला म्हणावं चिमीचा पुरा कर. कमी पडलं तर तुमच्याकडचं घाला." एवढं बोलून त्या उसवायला लागल्या. सूत माझ्या हातांवर चढू लागलं. आधी पांढरं, मग त्यांच्या झंपराचं निळं, मग पुन्हा पांढरं, मग लाल.

हौसाचं आत्ताच सांगून टाकतो. पुढं तिनं ते सूत माझ्याकडून घेतलं, नजरेनंच जोखलं आणि म्हणाली, "शेट, पुरायचं नाय." कुठल्या तरी तळाच्या पेटीत बाईंनी कधीतरी परत केलेली एक लाल लडी विसरून राहिली होती, ती मी वर घातली. तर त्या बयेनं शेजारणीकडून तांब्या मागितला आणि ती आधी बुडवून पाहिली. बाजार भरलेला होता. पाणी स्वच्छ राहिलं. पण बुडवणारी बाई ती नव्हती, त्यामुळं माझ्या लेखी ते धरता येत नाही.

त्या सकाळी मी हात ताणून फळीपुढं उभा होतो. बाई खाली मान घालून ओढत होत्या. "जरा उजवीकडे," मधेच म्हणत. बोलायचं माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. श्रावणातला बाजार, भांडीवाली, कुत्रं, सगळं. पण लडी हातावर असताना मला काय बोलता येतं ते त्यांना ठाऊकच होतं.

टांगेवाल्यानं घोड्याला चुचकारलं. "बाई, गाडी सुटंल."

थोडं उसवायचं राहिलं होतं. बाईंनी ते ओढून काढलं, शेवटचं टोक माझ्या अंगठ्याला गुंडाळून दिलं. पेटी टांगेवाल्यानं चढवली. त्या पायरीवर पाय ठेवून एकदा वळल्या.

"आता भांडा, शेट," म्हणाल्या, आणि बसल्या.

टांगा चौकाकडे वळेपर्यंत मी बघत राहिलो. हात जोडायचे म्हटलं तर जोडता येत नव्हते. बायको दारात आली.

"अवं, असं काय उभं? हात का वर धरल्यात?"

"सूत आहे," मी म्हणालो. "गुंता होईल. आधी गुंडा कर."